जुन्या फ्लॅटचं वायरिंग पूर्ण बदलायचं की नुसतं सॉकेट?

मी_डोंबिवलीकर: नमस्कार मंडळी, डोंबिवलीत आमचा 1987 चा फ्लॅट आहे, वायरिंग तेव्हाचंच, मधे एसी घेतला तेव्हा फ्यूज काढून एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच) टाकले तेवढंच. हल्ली गीझरचा प्लग काढला की चांगलाच गरम लागतो, सॉकेटचं एक भोक काळं पडलंय आणि फ्रिज चालू झाला की हॉलमधली ट्यूब लुकलुकते. एक इलेक्ट्रिशियन म्हणतो सगळं घर नव्याने करा, दुसरा म्हणतो सॉकेट बदला नि निवांत झोपा. आई म्हणते आत्ताच रंग काढलाय, भिंतीला हात लावायचा नाही. नक्की ठरवायचं कशावरून?

वायरमन_काका: सॉकेट काळं पडलं म्हणजे वायरिंग गेलंच असं नाही हो, आतला स्क्रू ढिला असला तरी तेच होतं. मेन बंद करून तो बोर्ड उघडायला लावा. तार पांढरी दिसली तर जरा खरवडून बघा, आतून लाल निघाली तर कलई केलेलं तांबं, नाहीतर अ‍ॅल्युमिनियम. मग टोक हळूच वाकवा, वरचं प्लास्टिक तडकून भुगा पडला तर वाद संपला, बदला. पण एकाच बोर्डावर जाऊ नका, किचन आणि बल्बच्या होल्डरवरचंही बघा, तिथली वायर उष्णतेने आधी कडक होते. 2000 वॅटचा गीझर 9 अँपिअरच्या आसपास खेचतो, त्याला मेनपासून वेगळी लाइन पाहिजे, तांब्याची 4 स्क्वेअर मिमीची वायर टाका. आणि वायरमनकडे मेगर (वायरीवरचं इन्सुलेशन शाबूत आहे का ते मोजायचं यंत्र) आहे का विचारा. सगळे प्लग काढून, बल्ब उतरवून 500 व्होल्टवर मोजायचं, 1 मेगओहमच्या खाली आलं तर इन्सुलेशन गेलं समजा. न मोजता सगळं घर करा म्हणणाऱ्याला आधी चहा पाजा आणि वाटेला लावा 😄

स्नेहल_ठाणे: ट्यूबचं आधी शेजारी विचारा, त्यांच्याकडेही होतं का. आमच्या बिल्डिंगमध्ये मीटर रूममधला न्यूट्रल (करंट परत जायची वायर) ढिला निघाला, घरातलं वायरिंग ठणठणीत होतं. आणि ट्यूब-पंखे कधी अचानक जोरात चालायला लागले तर लगेच मेन पाडा, तीन फेजच्या बिल्डिंगचा न्यूट्रल सुटला तर 230 च्या जागी 300 च्या वर व्होल्ट येऊ शकतात, टीव्ही फ्रिज सगळं जातं.

पक्या: अर्थिंगचं कोणी बोललंच नाही. तीन पिनचं सॉकेट असतं पण जुन्या घरात वरच्या भोकाला आत कधीकधी वायरच नसते. काही बदललं नाही तरी 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवाच, एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसाठी असते, माणसाला शॉक बसला तर ती पडेलच असं नाही.

मी_डोंबिवलीकर: धन्यवाद सगळ्यांना. काल बोर्ड उघडला. गीझरला अ‍ॅल्युमिनियम आणि त्यालाच पीळ देऊन एसीची तांब्याची वायर जोडलेली, वर काळी पडलेली टेप 😳 बेडरूमच्या वायरी मात्र मऊ आहेत, तिथलं मेगरचं रीडिंगही चांगलं आलं. शेजाऱ्यांची ट्यूब ठीक आहे. भिंत न फोडता होईल का?

वायरमन_काका: अ‍ॅल्युमिनियम-तांब्याचा असा पीळ तापणारच, तो जोड आधी काढा आणि तोपर्यंत गीझर बंद ठेवा. पाइप मोकळा असेल तर जुन्या वायरीला नवी बांधून ओढून घेता येते, अडकली तर तेवढ्याच ठिकाणी भिंतीवरून केसिंग पट्टी (वायर झाकायची प्लास्टिकची पट्टी). गीझर, एसी, किचन एवढं आत्ता करा, बेडरूम राहू दे. पट्टी रंगवता येते, आईंना सांगा.