जुने जपानी समुद्रराक्षसवाले सिनेमे, अजून कुठले बघू?

निळाखेकडा:
मंडळी, काल रात्री १९६६ चा 'टेरर बिनीथ द सी' बघितला. समुद्राखाली एका माथेफिरू शास्त्रज्ञाचं अख्खं शहर, तिथे धरून आणलेल्या माणसांवर ऑपरेशन करून त्यांचे खवलेवाले मासे-माणूस बनवतात आणि पत्रकार झालेला शिनिची चिबा त्यात अडकतो. पैसे कमी होते हे दर सीनला कळतं, तरी नजर हटत नाही राव. असे अजून सांगा ना, आणि पाण्याखालचं हे सगळं तेव्हा शूट कसं करायचे?

रीळवाला:
बरंचसं कोरड्यातच व्हायचं. कॅमेऱ्यापुढे पाण्याची काचेची टाकी, तिच्यात बुडबुडे, पलीकडे तारांवर टांगलेलं मॉडेल, वरून हलता निळसर लाईट, झाला समुद्र. खरं पाणी घेतलं की खरी पंचाईत, कारण बोट, घर, डोंगर सगळं लहान बनवता येतं पण पाण्याचा थेंब काही लहान होत नाही, लाट फुटली की लगेच कळतं की ही टबातली आहे. म्हणून कॅमेऱ्यातली फिल्म जोरात पळवायची, म्हणजे पडद्यावर लाट सावकाश आणि जड दिसते. गोड्झिलावाल्या तोहो कंपनीने तर त्यासाठी स्टुडिओत मोठा तलावच बांधला होता. १९६६ चा 'एबिराह' बघा, गोड्झिला आणि राक्षसी शेवंड आधी एकमेकांवर खडक टोलवतात आणि मग पाण्यात कुस्ती. रबराचा तो जड सूट घालून पाण्यात उतरणाऱ्या माणसाला मी मनापासून मानतो.

सांजवारा:
माझं मत 'गामेरा विरुद्ध झिग्रा'ला, १९७१. गामेरा म्हणजे राक्षसी कासव. झिग्रा परग्रहावरून आलेला शार्कसारखा राक्षस, चक्क बोलतो, आणि म्हणतो काय तर माणसांनी समुद्र नासवला. मिनामाता शहरातल्या पाऱ्याच्या विषबाधेनं जपान हादरलेला होता तेव्हा, त्यामुळे मुलांच्या सिनेमातलं ते वाक्य आजही टोचतं. बरंचसं शूटिंग कामोगावा सी वर्ल्डमध्ये, म्हणजे खरं मत्स्यालय आयतंच मिळालं. शेवटी गामेरा दगड घेऊन झिग्राच्या पाठीवरचे पर वाजवतो, स्वतःचीच ट्यून! हा सिनेमा काढणारी डाएई कंपनी त्याच वर्षी बुडाली, पण ही मस्ती करायला कुणी कंजुषी केलेली दिसत नाही, मला तर हाच सीन सगळ्यात प्रिय आहे.

रीळवाला:
+१. तो सीन मी मुलीला दाखवला, तिने तीनदा लावायला लावला.

खारीहवा:
सगळे बघा, पण १९५४ चा पहिला गोड्झिला आधी. लो बजेट नाही तो, पण राक्षस समुद्रातूनच का येतो ते तिथे कळतं. त्या वर्षी १ मार्चला पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांजवळ अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्बची राख एका जपानी ट्यूना बोटीवर पडली, खलाशी आजारी पडले, सप्टेंबरमध्ये एक जण गेला, बाजारातला मासा लोक घ्यायला घाबरायला लागले. नोव्हेंबरमध्ये सिनेमा आला आणि त्याची सुरुवातच काय, तर डेकवर निवांत बसलेले खलाशी, पाण्यात एकदम लख्ख उजेड आणि बोट पेटते. तेव्हाच्या प्रेक्षकाला काही समजावून सांगावं लागलं नसणार. त्यानंतर १९७० चा 'स्पेस अमीबा' लावा, त्यात राक्षसी म्हाकूल पायांवर उभं राहून बेटावर चालत येतं आणि त्याच्या आत हारुओ नाकाजिमा आहेत, पहिल्या गोड्झिलाच्या सूटमधलेच.

निळाखेकडा:
कमाल माहिती, आभार सगळ्यांचे! शनिवारी गोड्झिला, रविवारी झिग्रा. डबिंग नको, जपानीच बघणार.