अलीकडचा कुठला माहितीपट तुमच्या मनातून जात नाहीये?

गेल्या चार-पाच वर्षांतल्या माहितीपटांबद्दल लिहूया. महोत्सवात पाहिलेला असो की घरी ओटीटीवर, दोन्ही चालेल. नुसती नावं आणि चांदण्या नकोत. कुठल्या क्षणी तुम्ही खुर्चीत सरसावून बसलात, ते सांगा. सुरुवात मी करते.

शौनक सेन यांचा 'ऑल दॅट ब्रीद्स' (२०२२) मी महोत्सवात पाहिला. सनडान्स आणि कान या दोन्ही चित्रपट महोत्सवांत पारितोषिक मिळालेलं, त्यामुळे अपेक्षा होतीच. पण सुरुवात होते ती रात्रीच्या मोकळ्या मैदानातल्या उंदरांपासून. कॅमेरा जमिनीलगत सावकाश सरकत राहतो आणि उंदीर संपतच नाहीत. मग भेटतात दिल्लीतले नदीम आणि सऊद हे भाऊ. मांजाने पंख कापलेल्या घारी त्यांच्या तळघरात खोक्यांतून येतात. बाहेर शहर निदर्शनं आणि दंगलींनी तापलेलं आहे, पण ते बरंचसं कानावरच येतं. त्यांचा मदतनीस सालिक रिक्षातून जाताना शर्टाच्या खिशातून खारीचं पिल्लू बाहेर काढतो, तेव्हा सगळं सभागृह एकदम 'अरे!' म्हणालं. निवेदक नाही, आकडे नाहीत, तरी हवा किती बिघडलीय हे छातीत जाणवतं. दुसऱ्या दिवशी ठरवलेला कथापट सोडून मी हाच पुन्हा पाहिला.

* * *

मी आई म्हणून लिहितेय. मुलगा चौदा वर्षांचा, कानाला कायम हेडफोन, आणि आमचं रोजचं भांडण. नेटफ्लिक्सवर 'द रिमार्केबल लाइफ ऑफ इबेलिन' (२०२४) लावला तो खरं तर एकटीने पाहायला. नॉर्वेतला मॅट्स स्टीन, ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायूंचा आजार, २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी गेला. आईवडिलांना वाटत होतं, पोराने एकट्याने आयुष्य काढलं. तो गेल्याचं वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर कळवलं आणि अनोळखी लोकांच्या ईमेल यायला लागल्या. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन खेळात तो इबेलिन होता, कुणाचा मित्र, कुणाचा आधार.

दिग्दर्शक बेंजामिन री आधी घरच्या व्हिडिओंमधून हे आयुष्य आईवडिलांच्या नजरेने दाखवतात. मग तेच आयुष्य नव्याने सुरू होतं, या वेळी खेळाच्या आतून. खेळातल्या संभाषणांच्या हजारो पानांच्या नोंदी शिल्लक होत्या, त्यावरून ॲनिमेशन केलंय. मध्येच मुलगा पाणी प्यायला बाहेर आला, तो सोफ्याच्या हातावर टेकला आणि शेवटपर्यंत उठला नाही. त्या रात्री त्याने मला त्याच्या खोलीत नेऊन स्क्रीनवरचा एकेक जण दाखवला. हा कोण, ती कोण, कोण रात्री उशिरा का येतो. ही ओळख त्याने मला याआधी कधीच करून दिली नव्हती. मीही कधी विचारलं नव्हतं.

* * *

माझं मत स्पष्ट आहे: 'नॉक्टर्न्स' (२०२४) मोबाईलवर बघू नका. अनुपमा श्रीनिवासन आणि अनिर्बन दत्ता यांचा हा माहितीपट पूर्व हिमालयातल्या पतंगांवर, म्हणजे रात्री उडणाऱ्या फुलपाखरांसारख्या कीटकांवर आहे. मी आधी घरी पाहायला घेतला आणि वीस मिनिटांत कंटाळलो. नंतर मोठ्या पडद्यावर बघायचा योग आला आणि चकितच झालो. रात्री जंगलात उजेडापुढे कापड ताणलेलं असतं, त्यावर शेकडो पतंग येऊन बसतात आणि पंखांची फडफड चारही बाजूंनी ऐकू येते. संशोधक मानसी आणि तिचा स्थानिक सहकारी बिकी दबक्या आवाजात बोलतात. कापडावर आखलेल्या चौकोनांच्या मापाने पतंगांचे फोटो घ्यायचे, पुन्हा वाट बघायची. घटना म्हणाल तर एवढीच. सनडान्समध्ये याला कलात्मक मांडणीसाठी विशेष पारितोषिक मिळालं, त्यात ध्वनीचा वाटा मोठा असणार असं मला वाटतं.

* * *

मराठी माणसाने सर्वनिक कौर यांचा 'अगेन्स्ट द टाइड' (२०२३) चुकवू नये. मुंबईचे दोन कोळी मित्र, राकेश आणि गणेश. राकेश वडिलांच्या बोटीने किनाऱ्याजवळ, जुन्या पद्धतीने मासेमारी करतो. गणेश स्कॉटलंडला शिकून आलेला. तो खोल समुद्रात जातो, कर्ज काढतो आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीकडे ओढला जातो. दोघांचंही जाळं हलकंच येतं.

मी सवयीने सबटायटल वाचत होतो. मग लक्षात आलं, अरे, हे आपल्याला थेट समजतंय! मान वर केली आणि चेहरे दिसायला लागले. दोघं बसून बोलतात तेव्हा मैत्री आणि राग एकाच वाक्यात येतात. कोण बरोबर, हे दिग्दर्शिका ठरवत नाही, आणि मलाही अजून ठरवता आलेलं नाही.

* * *

मी परिचारिका आहे. '२० डेज इन मारियुपोल' (२०२३) मला एका बैठकीत पाहता आला नाही, तीन रात्री लागल्या. वेढ्यात सापडलेल्या युक्रेनच्या शहरातल्या रुग्णालयात एका बाळाला वाचवायची धडपड चालू आहे. डॉक्टर कॅमेऱ्याकडे वळून सांगतात, हे चित्रित करा, जगाला दाखवा. आमच्या कामात कॅमेरा बाहेर ठेवायचा हा पहिला नियम. तो नियम तिथे का मोडला हे मला त्या आवाजातून कळलं. ऑस्कर स्वीकारताना दिग्दर्शक मिस्तिस्लाव्ह चेर्नोव्ह म्हणाले होते की हा चित्रपट करायची वेळच आली नसती तर बरं झालं असतं. मन घट्ट असेल तेव्हाच बघा, पण बघा.

* * *

नेटफ्लिक्सवरचा 'द परफेक्ट नेबर' (२०२५) बहुतेक सगळा पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यांच्या चित्रणातून उभा केलाय. शेजारीण तक्रार करते, पोलीस येतात, जातात, पुन्हा येतात. मुलं नुसती खेळताहेत. पुढे काय होणार हे माहीत असूनही मी मनातल्या मनात पोलिसांना 'आत्ता काहीतरी करा' म्हणत होते.

* * *

लांबीला घाबरणाऱ्यांसाठी मती दिओप यांचा 'दाहोमे' (२०२४), जेमतेम सत्तर मिनिटांचा. बर्लिन महोत्सवात याला गोल्डन बेअर हे सर्वोच्च पारितोषिक मिळालं. वसाहतकाळात दाहोमे राज्यातून लुटून नेलेल्या २६ वस्तू फ्रान्सने २०२१ मध्ये आजच्या बेनिन या पश्चिम आफ्रिकी देशाला परत केल्या, त्या प्रवासाची ही गोष्ट. बेनिनचे विद्यार्थी त्यावर कडाडून वाद घालतात: हजारो वस्तू नेल्या आणि २६ परत, याला मान म्हणायचा की अपमान? मला सर्वात आवडला तो हा वाद. एक बोलतो, पटतं. दुसरी उठते, तेही पटतं.

आणि एक गोष्ट सांगायचीच आहे. यात दाहोमेचा राजा गेझो याचा पुतळा स्वतः बोलतो, 'फॉन' या तिथल्या भाषेत. संग्रहालयाने त्याला नावाऐवजी नुसता २६ हा आकडा दिलाय, याची त्याला खंत आहे. त्याला लाकडी पेटीत ठेवतात तेव्हा कॅमेराही पेटीत असतो. वरून झाकण येतं, पडदा काळा होतो आणि आपण त्याच्यासोबत आत अडकतो.