पिवळ्या फुलांचं, आपलं आपण उगवणारं झाड सुचवा (नेरूळ, तळमजला)

तळमजलेकर: सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याला राहतो. मागच्या खिडकीखाली बारा बाय तीन फुटांची मातीची पट्टी आहे. माती कसली, भराव. खणलं की विटांचे तुकडे निघतात. दुपारी कडक ऊन. वर्षातले दोन-तीन महिने आम्ही लेकीकडे पुण्याला, तेव्हा पाणी घालायला कुणी नाही. वर्षानुवर्षं टिकणारं, बी पडून आपोआप वाढणारं आणि पिवळ्या फुलांचं असं काही आहे का? हिला गुरुवारी दत्ताला वाहायला पिवळं फूल लागतं. बजेट पाचशे, खतासकट. गेल्या वर्षीच्या तीन शेवंत्यांच्या दिवाळीनंतर काड्या उरल्या.

घोडबंदरची: टिकोमा लावा, डोळे मिटून! आमच्या सोसायटीच्या गेटला आहे, येणारा-जाणारा फोटो काढतो. आम्ही लँडस्केपवाल्याकडून ठिबकसकट करून घेतलं, साडेचार हजार. पाचशेत आजकाल धड कुंडी येत नाही हो.

कोपरखैरणेकर: टिकोमा अजिबात नको. बी पापडासारखं पातळ, वाऱ्यावर उडतं. आमच्याकडे पावसाळी पाइपच्या सांध्यात एक रोप आलं, कुणाचं लक्ष नाही. मुळं आत गेली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या भिंतीला ओल. कमिटीने खर्च माझ्या नावावर टाकला. का, तर 'बी तुमच्याच झाडाचं'. बी काय माझं आडनाव लावून उडालं होतं?

अंगणातली आजी: पिवळा कॉसमॉस टाका. एकदा मूठभर बी फेकलं की दर पावसाळ्यात हजर.

निवृत्त मास्तर: आजी, कॉसमॉस वर्षायू आहे. बी धरलं की झाड वाळतं. त्यांना बहुवर्षायू हवंय.

अंगणातली आजी: दरवर्षी उगवतं म्हणजे वर्षानुवर्षंच की. मला काय झाडाचा जन्मदाखला बघायचाय?

बुलेटवाला ठाणे: कासला सोनकी नुसती पसरलेली असते. सप्टेंबरमध्ये चाललोय, बी आणून देऊ का?

निवृत्त मास्तर: नको. कासहून फूलसुद्धा उचलायचं नसतं. २०१२ पासून जागतिक वारसा आहे तो. शिवाय सोनकीही वर्षायूच.

वाशीकर: वेडेलिया. एक पैसा लागत नाही, फांदी टेकली की पेरापेराला मूळ फुटतं. वर्षात पट्टी हिरवीगार. माझ्याकडून पोतंभर न्या.

सानपाड्याची सून: आणि मग काढून दाखवा! शेजारची तुळस, गवती चहा सगळं गिळलं तिने. खाली घुशींनी बिळं केली ती वेगळीच.

वाशीकर: घुशी वेडेलियामुळे नाही, कचऱ्यामुळे येतात.

कोपरखैरणेकर: घुशींवर वेगळा धागा काढा राव. आमच्याकडे तर पार्किंगमधल्या स्कूटीची वायर कुरतडली.

कळव्याची माई: पिवळी कण्हेर लावा. देवाला चालते, पाणी लागत नाही, गुरं तोंड लावत नाहीत.

सानपाड्याची सून: माई, गुरं का तोंड लावत नाहीत? विषारी आहे म्हणून! तिच्या बिट्ट्यांनी आम्ही लहानपणी खेळायचो, आता आठवलं तरी काटा येतो. नातवंडं येत असतील तर नकोच.

निवृत्त मास्तर: बरीच करमणूक झाली, आता मुद्द्याचं. तुमच्या जागेला दोन झाडं चालतील. एक टर्नेरा. फूल सकाळी उमलतं, दुपारपर्यंत मिटतं. बियांना मुंग्यांना आवडणारा खाऊ चिकटलेला असतो, त्यासाठी मुंग्या त्या ओढून नेतात. म्हणून रोपं फरशीच्या फटीत येतात. दुसरी पिवळी कोरांटी. पानांच्या बगलेत काटे असतात, तेव्हा तळमजल्याच्या खिडकीखाली असलेली बरी, चोराला अडसर. बोंडं वाळली की फुटतात आणि बी लांब उडतं. दोन्हींना खत लागत नाही. फक्त जूनमध्ये त्या पट्टीत खुरपं चालवू नका. आपोआप उगवणारी झाडं मरतात ती आपल्या खुरप्याने.

घोडबंदरची: मीही टर्नेराच सांगणार होते. टिकोमाच्या शेजारी छान दिसेल.

तळमजलेकर: सगळ्यांचे आभार. काल टर्नेरा आणायला निघालो होतो. त्याआधी पट्टी साफ करायला गेलो तर पाइपजवळ कमरेएवढं एक झाड. पान मखमलीसारखं, नखाएवढं पिवळं फूल, फळ दातेरी चाकासारखं. तीन महिने कुणी पाणी घातलेलं नाही. फोटो टाकलाय.

वाशीकर: तण आहे. उपटा.

कोपरखैरणेकर: उपटा, पाइपजवळ आहे!!

अंगणातली आजी: अगं बाई, ही तर पेटारी! आम्ही मुद्रा म्हणायचो. फळाला शाई लावून वहीवर शिक्के मारायचो, मार खाल्लाय त्यापायी.

निवृत्त मास्तर: बरोबर, अतिबलाही म्हणतात तिला. भेंडी-जास्वंदीच्या कुळातली, त्यामुळे पांढरा पिठ्या ढेकूण येतो. साबणाचं पाणी मारा. बहुवर्षायू आहे, बी भरपूर पडतं. पण बागेत मुद्दाम कुणी ठेवत नाही. पाच-सहा फूट अस्ताव्यस्त वाढते आणि फूल उन्हं कलल्यावर उमलतं, सकाळच्या पूजेला मिळणार नाही. टर्नेराच आणा.

तळमजलेकर: आमची दत्ताची आरती संध्याकाळी सातला असते. काल हिने त्यातलीच चार फुलं वाहिली. पाइपजवळचं तेवढं काढतो, पण फळं वाळू देऊन बी पट्टीभर पसरतो. नर्सरीत जात नाही. पाचशे वाचले, त्यातून लेकीसाठी चितळ्यांची बाकरवडी घेतली.

सानपाड्याची सून: पुण्याला बाकरवडी नेताय, इथून?

घोडबंदरची: लँडस्केपवाल्याचा नंबर पाठवू का? सध्या सूट चालू आहे.