स-क-न या अरबी धातूच्या कुळात सुरी आणि सुकाणू कसे आले?

मूळ प्रश्न

नमस्कार. मी नोकरीनिमित्त काही वर्षे शारजात राहतो. अरबी बोलण्यापुरतीच येते, पण लिपी शिकल्यापासून दिसेल ती पाटी वाचण्याची सवय जडली आहे. कामगारांच्या निवासी इमारतीवर 'सकन' लिहिलेले असते, औषधाच्या दुकानात वेदनाशामक गोळ्यांच्या खोक्यावर 'मुसक्किन' असते, लोकसंख्येच्या बातमीत 'सुक्कान' हा शब्द येतो आणि स्वयंपाकघरातल्या सुरीला येथे 'सिक्कीन' म्हणतात. चारही शब्दांत सीन, काफ आणि नून हीच तीन व्यंजने आहेत. या धातूचा अर्थ 'स्थिर होणे, विसावणे' असा आम्हांला वर्गात सांगितला होता. घर आणि वेदनाशामक यांचा विसाव्याशी असलेला संबंध कळतो, पण सुरीचा काय संबंध? कार्यालयातले अरब सहकारी कुणाबद्दल हळहळताना 'मिस्कीन' म्हणतात, म्हणजे आपण 'बिचारा' म्हणतो तसेच. तोही शब्द यातलाच का? शिवाय आमच्या घरी असलेल्या एका जुन्या मोडी कागदात पूर्वजांच्या नावापुढे 'साकीन' आणि त्यापुढे गावाचे नाव आहे. त्याचाही उलगडा व्हावा अशी इच्छा आहे.

पहिला प्रतिसाद

शेवटून सुरुवात करतो, कारण ते सर्वांत सोपे आहे. मोडी कागदातला 'साकीन' हा अरबी 'साकिन' आहे, म्हणजे 'सकना' या क्रियापदाचे कर्तृवाचक रूप, आणि त्याचा अर्थ 'राहणारा'. आज आपण अर्जावर नावापुढे 'रा.' लिहितो, तेच काम त्या काळी हा शब्द फारसीमार्फत दरबारी मराठीत येऊन करत होता.

धातूचा मूळ अर्थ हालचाल थांबणे हा आहे. वारा पडला, दुखणे निवले, माणूस गप्प झाला, या सर्वांना 'सकना' चालते. आणि जो एका ठिकाणी येऊन थांबला तो तिथे राहू लागला, म्हणून त्याच क्रियापदाचा दुसरा अर्थ वस्ती करणे. हे आपल्याला परके वाटू नये. 'मी साताऱ्यात राहतो' आणि 'काम तसेच राहिले' या दोन वाक्यांत आपणही वस्तीसाठी आणि थांबण्यासाठी एकच क्रियापद वापरतो.

मधले व्यंजन दुहेरी केले की 'सक्कना' होते, म्हणजे दुसऱ्याला शांत करणे. त्याचे कर्तृवाचक रूप 'मुसक्किन', म्हणजे शमवणारे, आणि तीच तुमची गोळी. आरंभी 'अ' जोडून 'अस्कना' केले की वसवणे. कुराणाच्या १४व्या अध्यायात इब्राहीम म्हणतात की मी माझ्या संततीपैकी काहींना पीक नसलेल्या खोऱ्यात वसवले आहे, तिथे हेच रूप आहे, आणि आजच्या अरब देशांत गृहनिर्माण खात्याच्या नावात येणारे 'इस्कान' हे त्याचेच भाववाचक नाम. 'मस्कन' म्हणजे राहण्याची जागा. हिंदी-उर्दूतून हल्ली मराठी बोलण्यातही शिरलेला 'सुकून' हे तर मूळ क्रियापदाचे साधे भाववाचक नाम आहे.

या धातूचा मला सर्वांत आवडणारा उपयोग मात्र व्याकरणातला आहे. ज्या व्यंजनावर स्वर नाही त्याला अरबी वैयाकरण 'साकिन' म्हणतात आणि त्यावर जे छोटे वर्तुळ काढतात त्याचे नाव 'सुकून'. उलट स्वर असलेल्या व्यंजनाला 'हरका' मिळालेली असते, म्हणजे गती. आपण अक्षराचा पाय मोडतो, अरबी लिपी त्याच अक्षराला विसावा देते. ही 'हरका' म्हणजेच आपली 'हरकत'. अरबीत ती निव्वळ हालचाल आहे, मराठीत येता येता ती आडकाठी झाली, आणि गवयांच्या तोंडी मात्र तिची गती अजून शाबूत आहे.

सुरी आणि मिस्कीन यांच्याबद्दल लिहायला माझ्यापेक्षा जाणकार सभासद येथे आहेत.

दुसरा प्रतिसाद

सुरीबद्दल अरबांनाही हाच प्रश्न पडला होता. इब्न फारिस हा कोशकार हिजरी ३९५ मध्ये, म्हणजे इसवी सनाच्या ११व्या शतकाच्या आरंभी वारला. प्रत्येक धातूच्या सर्व शब्दांमागचा एक मूळ अर्थ शोधणे हाच त्याच्या कोशाचा उद्योग. स-क-न बद्दल तो लिहितो की हे एकच सुसंगत मूळ असून ते अस्थिरता आणि हालचाल यांच्या विरुद्ध अर्थ दाखवते. मग तो शब्द एकेक करून त्या छत्राखाली आणतो. घरातली माणसे 'सकन', कारण ती तिथे राहतात. जुन्या कवितेत आगीलाही 'सकन' म्हटले आहे, आणि त्याचे कारण तो असे देतो की तिच्याकडे पाहणारा निवतो, तिच्यापाशी आणि तिच्याभोवती बसलेल्यांपाशी त्याला धीर येतो. वाळवंटातल्या थंड रात्री दूरवर जाळ दिसलेल्या माणसाला हे स्पष्टीकरण पटवून द्यावे लागत नाही. सुरीपाशी येऊन मात्र तो 'काही भाषातज्ज्ञ म्हणतात' असा आधार घेतो आणि सांगतो की ती कापल्या जाणाऱ्या जनावराची हालचाल थांबवते, म्हणून 'सिक्कीन'.

हे स्पष्टीकरण चतुर आहे, पण मला ते ओढूनताणून आणलेले वाटते. अरमाइक या पश्चिम आशियातल्या प्राचीन भाषेत सुरीला 'सक्कीना' आणि हिब्रूत 'सक्कीन' म्हणतात. आता हिब्रूतला 'श' अरबीत बहुधा 'स' होऊन भेटतो, जसे 'शालोम' आणि 'सलाम', 'शेम' आणि 'इस्म', 'शाना' आणि 'सना'. हिब्रूतला वस्तीचा धातू 'शाखन' आहे, म्हणजे तो नियम पाळतो. सुरी तो नियम पाळत नाही, हिब्रूतही ती 'स'नेच सुरू होते. म्हणजे ती या घरात जन्मलेली नाही. ती अरमाइकमधून अरबीत आली आणि व्यंजने जुळली म्हणून तिला या धातूखाली नोंदवले गेले.

मिस्कीनची कथा याहून जुनी आहे. इ. स. पू. १८व्या शतकातल्या बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायदेसंहितेत समाजाचे तीन स्तर येतात. सर्वांत वर 'अवीलुम', सर्वांत खाली गुलाम, आणि मध्ये 'मुश्केनुम'. अवीलुमने दुसऱ्या अवीलुमचा डोळा फोडला तर त्याचाही डोळा फोडला जाई, पण मुश्केनुमचा फोडला तर ६० शेकेल चांदी दिली की सुटका होई. हा अक्कादी, म्हणजे त्या संहितेच्या भाषेतला, शब्द नमून लोटांगण घालण्याच्या क्रियापदावरून बनला आहे, वस्तीशी त्याचा संबंध नाही. तोच अरमाइकमधून अरबीत येऊन 'मिस्कीन' झाला. अरबीने त्याचा आरंभीचा 'म' उपसर्ग मानला आणि 'ज्याला गरिबीने जागीच थिजवले तो' अशी व्युत्पत्ती लावून त्याला घरात घेतले. गंमत अशी की 'दीनवाणे होणे' यासाठी अरबीतच 'तमस्कना' असे क्रियापद आहे, आणि त्यात हा 'म' मूळ अक्षर असल्यासारखा टिकून राहतो.

पुढे हाच शब्द भूमध्य समुद्र ओलांडून गेला. इटालियनमध्ये 'मेस्कीनो', फ्रेंचमध्ये 'मेस्कँ' आणि पोर्तुगीजमध्ये 'मेश्कीन्यू' झाला. पोर्तुगीज जाणणाऱ्या जुन्या गोवेकरांना तो 'कंजूष, कोत्या मनाचा' या अर्थाने ओळखीचा असेल. गरीब होता तो कंजूष ठरला, आणि हा अन्याय कोणत्या भाषेत होत नाही?

वाचताना एक सावधगिरी बाळगावी. 'मसाकिन' म्हणजे घरे आणि 'मसाकीन' म्हणजे गरीब लोक. कुराणाच्या ९व्या अध्यायात जकातीचे, म्हणजे इस्लाममधल्या अनिवार्य दानाचे, हक्कदार सांगताना आलेले मसाकीन हे दुसरे आहेत.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. मग 'सुक्कान' हा तरी घरचाच ना? लोकसंख्या म्हणजे राहणाऱ्यांची संख्या, हे सरळ दिसते.

तिसरा प्रतिसाद

लोकसंख्येतला सुक्कान घरचाच आहे, तो 'साकिन'चे अनेकवचन. पण अगदी त्याच अक्षरांचा दुसरा 'सुक्कान' अरबीत आहे आणि तो एकवचनी आहे. त्याचा अर्थ गलबताचे सुकाणू. माझे आजोळ रत्नागिरीकडचे, मचव्यांवर आयुष्य काढलेल्यांचे. 'सुकाणू' हा शब्द आम्ही इतका आपला मानतो की तो अरबी आहे हे ऐकून आजोबांना राग आला असता. पण अरबी समुद्राच्या व्यापारात शब्दही मालाबरोबर उतरत असत. खलाशी अरबी, नाखवा फारसी 'नाखुदा'वरून, आणि सुकाणूही त्याच वाटेने आलेले. गुजरातीतले 'सुकान' हेच. सुकाणू धरणाऱ्याला 'सुक्कानी' म्हणत, आणि इंग्रजांच्या जहाजांवर त्याचे 'सीकनी' झाले.

वर उल्लेख आलेला इब्न फारिस सांगतो की सुक्कान गलबताला डुलण्या-भरकटण्यापासून स्थिर करते म्हणून हे नाव पडले, आणि मुद्दाम पुढे जोडतो की 'हा शब्द अरबी आहे'. कुणीतरी तो परका असल्याचा दावा केल्याखेरीज असे वाक्य लिहावे लागत नाही, आणि आजचे अनेक अभ्यासक त्याचेही मूळ अरमाइककडे नेतात. माझे मत विचाराल तर सुरीपेक्षा येथे इब्न फारिसची बाजू भक्कम आहे. जमिनीवरच्या माणसाला वाटते की सुकाणू होडी वळवण्यासाठी असते. ते खरेच आहे, पण ज्याने लाटांत ते हातात धरले आहे त्याला ठाऊक असते की निम्म्याहून अधिक वेळ ते होडीला वळू न देण्यासाठीच धरावे लागते.

चौथा प्रतिसाद

दुसऱ्या प्रतिसादात हिब्रू 'शाखन'चा उल्लेख आला म्हणून थोडी भर घालते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले यहुदी, घरची भाषा मराठी. प्रार्थनेतले दोन शब्द याच धातूचे आहेत. एक 'मिश्कान', म्हणजे मिसरमधून निघाल्यावर रानात फिरताना इस्राएली लोकांनी बरोबर वाहिलेला पवित्र तंबू, आणि दुसरा 'शेखिना', म्हणजे लोकांमध्ये वसलेले देवाचे सान्निध्य. पहिला तोरा या यहुदी धर्मग्रंथातला आहे, दुसरा नंतरच्या धर्मपंडितांचा. शेजाऱ्यालाही हिब्रूत 'शाखेन' म्हणतात, म्हणजे जवळ राहणारा.

अरबी 'सकीना' ही शेखिनाची बहीण आहे. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात इस्राएलच्या करारकोशाबद्दल, म्हणजे त्यांच्या पवित्र पेटीबद्दल, सांगताना, त्यात तुमच्या पालनकर्त्याकडची सकीना आहे, असे म्हटले आहे. तेथे अर्थ शेखिनाच्या अगदी जवळ जातो. ४८व्या अध्यायात मात्र ती श्रद्धावानांच्या हृदयात उतरवलेली शांती आहे, आणि ती सरळ अरबी धातूवरून समजते. शब्द उसना घेतला की स्वतःचाच होता, हा वाद अभ्यासकांत आहे. दोन्ही भाषांत धातू एकच असताना अशी रेघ मारता येईल असे मला वाटत नाही. मुलींचे सकीना हे नाव महाराष्ट्रातल्या मुस्लिम घरांत सर्रास ऐकू येते, ते हेच.

प्रश्नकर्ता

आज औषधाच्या दुकानात खोके पुन्हा नीट पाहिले. त्यावर 'मुसक्किन लिल-अलम' असे पूर्ण लिहिले आहे, म्हणजे वेदना शमवणारे. शेवटची एकच शंका उरली आहे. 'मस्कत' शहराचे नावही यातलेच का?

पहिला प्रतिसाद देणारे सभासद

नाही. मस्कतमध्ये काफ नसून क़ाफ आहे, म्हणजे घशातून निघणारे वेगळे व्यंजन, आणि शेवटी नूनऐवजी जड 'त' आहे. तो स-क़-त हा 'पडणे' या अर्थाचा धातू. देवनागरीत लिहिताना हे दोन्ही भेद पुसले जातात, म्हणून अशा शंका मूळ लिपीतली पाटी पाहूनच सोडवाव्यात. तुम्ही तेथेच राहता, तेव्हा ते आमच्यापेक्षा तुम्हांला सोपे जाईल.