बास गिटार कोणाकडे बघून शिकावी? जेमरसन की स्लॅपवाले?

खर्ज_नागपूर
आपल्या नागपुरात बास गिटार घेणारी पोरं वाढून राहिली, याचा आनंद आहे. पण ज्यांना बघून ती बास घेतात, त्यांच्याकडूनच शिकायला सुरुवात करतात आणि तिथेच गाडी अडते. अंगठ्याने तार ठोकणं, म्हणजे स्लॅप, येतं, पण साध्या केरव्यात चार मिनिटं एका चालीत राहता येत नाही.

याचं एक कारण मोबाईल आहे. बासची मोकळी ई तार 41 हर्ट्झची, ए 55, डी 73 आणि जी 98. मोबाईलचा स्पीकर एवढ्या खाली जातच नाही. त्यातून ऐकू येतात ते वरचे उपस्वर आणि तारेचा टणका. म्हणजे जो टणका जास्त काढतो तोच मोबाईलवर ऐकू येतो, आणि पोरं त्यालाच गुरू करतात. कान झाकणारे हेडफोन लावा आणि मग ठरवा.

माझ्या मते पहिला गुरू जेम्स जेमरसन. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांत त्यांची बास आहे, पण 1971 पर्यंत त्या रेकॉर्डवर साथीदारांचं नाव क्वचितच छापलं जाई. आपल्याकडचे म्हणाल तर इलयराजांच्या गाण्यांतले शशिधरन आणि रहमानच्या गाण्यांतले कीथ पीटर्स. यांची बास काढून टाकली तर गाणं खाली बसतं.

सुरुवात अशी करा. ए तारेचा तिसरा फ्रेट (नेकवरची, म्हणजे मानेवरची, आडवी पट्टी) म्हणजे सी, तो सा धरा. पंचम डी तारेच्या पाचव्या फ्रेटवर, वरचा सा जी तारेच्या पाचव्यावर, खालचा पंचम ई तारेच्या तिसऱ्यावर. मेट्रोनोम 40 वर ठेवा आणि टिक दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर धरा, म्हणजे चाल 80 ची होते. एवढ्या चार स्वरांवर पंधरा मिनिटं न घसरता टिकता आलं की मगच पुढे. स्लॅप पहिले सहा महिने बंद.

सदरचा_स्लॅप
भाऊ, सहा महिने काहून बंद? मोबाईलचं म्हणणं पटलं, बाकी नाही.

स्लॅप म्हणजे नुसता देखावा, हा समजच चुकीचा आहे. स्लॅप रुजवणारे अमेरिकन बासवादक लॅरी ग्रॅहम आईसोबत वाजवत तेव्हा त्यांच्याकडे ड्रमर नव्हता. अंगठ्याचा ठोका बेस ड्रमच्या जागी आणि बोटाने ओढलेली तार स्नेअरच्या जागी, अशी ती पद्धत तयार झाली. तिचा उगमच तालात आहे. ज्याचा ताल कच्चा, त्याचा स्लॅप दोन आवर्तनांत उघडा पडतो, म्हणून शिकणाऱ्याला चूक लवकर कळते.

बिघडतं ते वेगळ्याच ठिकाणी. अंगठ्याच्या सांध्याची हाडाची बाजू शेवटच्या फ्रेटवर पडली पाहिजे, हालचाल मनगटाच्या फिरण्यातून, खांद्यातून नाही. आवाज बसका येत असेल तर अंगठा तारेवरच थांबतोय, लगेच मागे घ्या. ओढताना बोटाचं टोक जेमतेम तारेखाली जाऊ द्या. खोल घातलं की ती तार बाकीच्यांपेक्षा दुप्पट जोरात वाजते. नको त्या तारा गुणगुणत असतील तर दोष डाव्या हाताचा, मोकळी बोटं आडवी टेकवा. हे सगळं 60 च्या चालीत पहिल्या आठवड्यापासून करता येतं. आणि ज्या आवाजासाठी पोराने बास घेतली तोच सहा महिने मिळाला नाही, तर बास पलंगाखाली जाते.

तारा_जुळवा
दोघेही हाताबद्दल बोलताय. वाद्याचं काय? जेमरसनसारखा आवाज आणि स्लॅप एकाच सेटिंगवर मिळत नाही.

जेमरसनच्या 1962 च्या प्रिसिजन मॉडेलच्या बासवर जाड फ्लॅटवाउंड (सपाट, गुळगुळीत गुंडाळीच्या) तारा होत्या आणि ब्रिजच्या, म्हणजे बॉडीवर तारा अडकवतात त्या भागाच्या, झाकणाखाली फोम. त्यावर स्लॅप केला तर नुसता ढप आवाज येईल. स्लॅपला ताज्या राउंडवाउंड (गोल तारेच्या, खरखरीत गुंडाळीच्या) लागतात, 0.045 ते 0.105 इंच जाडीचा सेट, ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची, थोडी खाली. नवशिक्याने राउंडवाउंडच ठेवाव्यात. जेमरसन वाजवायचा असेल तेव्हा ब्रिजजवळ तारांखाली फोमची पट्टी सरकवा आणि टोनचा नॉब कमी करा. पट्टी फार दाबून बसवली तर स्वरच मरतो. स्वर क्षणभर राहून विझेल इतपतच.

आता नागपूरची गोष्ट. मे महिन्यात पारा 45 वर, बाहेर हाडं वाळवणारी हवा आणि खोलीत कूलर. कूलरच्या झोतात ठेवलेली बास ओलावा पिते, कार्यक्रमाला बाहेर नेली की कोरडी पडते, आणि नेक हलते. फ्रेटबोर्ड आकसून फ्रेटची टोकं हाताला टोचू लागतात. बास कूलरसमोर ठेवू नका, बॅगेत घालून आतल्या भिंतीशी ठेवा.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात एकदा तपासा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर ई तार दाबा, आणि आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांतली फट मोजा. 0.3 ते 0.35 मिमी ठीक. जास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे नेकमधला धातूचा दांडा, घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा, तार परत सुरात आणा, मग पुन्हा मोजा. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नको, अडला तर जोर लावू नका. त्यानंतर बाराव्या फ्रेटवर ई तारेची उंची 2.5 मिमी, जीची 2.

अर्ध्या लोकांना वाटतं आपल्याला स्लॅप जमत नाही. ॲक्शन 4 मिमी असेल तर कोणालाच जमणार नाही.

मंद्र_सप्तक
खर्जदादा, तुमच्या यादीत एकही बाई नाही, हे आधी सांगते. कॅरोल के यांनी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत गिटारवरून बासकडे येऊन शेकडो रेकॉर्डिंग केली, तीही पिकने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या चकतीने. बोटांनीच वाजवलं तर खरी बास, असं कोणी पोरांना सांगत असेल तर सांगू नका. गिटारवरून आलेल्यांना पिकच जवळचं. तळहाताची कड ब्रिजवर हलकी टेकवली की हवा तो बुटका, गोल आवाज मिळतो.

आणि मोहिनी डे. 1996 ची, मुंबईची, वडील सुजॉय डे स्वतः बासवादक. लोक तिचा वेग बघतात. मी म्हणते, तिच्या तोंडाकडे बघा. ती कोनाक्कोलचे, म्हणजे कर्नाटक संगीतातले तोंडाने म्हणायचे तालाचे, बोल म्हणते आणि तेच बासवर वाजवते. आपल्याकडे तबला शिकलेली मुलं घरोघरी आहेत, त्यांना ही वाट सगळ्यात सोपी. चार मात्रांचं आवर्तन, मात्रेला चार अक्षरं. आता 'तकिट' म्हणत राहा आणि प्रत्येक 'त'वर एकच स्वर वाजवा. सोळा वेळा 'तकिट' झालं की बरोबर तीन आवर्तनांनी समेवर येता. चुकलात तर लगेच कळतं. बोल तोंडात पक्के झाल्याशिवाय बासला हात लावायचा नाही.

लहान मुलींसाठी आणखी एक. 34 इंची (तारेची लांबी) बासवर नटपासून, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाच्या पट्टीपासून, चौथ्या फ्रेटपर्यंत सुमारे 178 मिमी अंतर असतं, साध्या इलेक्ट्रिक गिटारवर 134. तिथे एका फ्रेटला एक बोट असा हट्ट धरला तर मनगट दुखणारच. नटजवळच्या फ्रेटवर तर्जनी, मधलं आणि करंगळी अशी तीनच बोटं वापरा, अनामिका करंगळीच्या आधाराला. नाहीतर 30 इंची बास घ्या. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनींची व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर त्याच मापाची आहे.

खर्ज_नागपूर
ताई, कॅरोल के यांचं नाव मी घ्यायलाच हवं होतं. पिकबद्दल माझा विरोध नाही.

पण मोहिनीबद्दल सावध राहा. तिचं बोलांचं काम खरं, पण नवशिका ते न ऐकता फक्त बोटं बघतो. अमेरिकन बासवादक जाको पॅस्टोरियसचंही तेच होतं. 1976 चा त्याचा पहिला अल्बम ऐकून पोरं फ्रेटलेस, म्हणजे बिनफ्रेटची बास, शोधत फिरतात. जाकोने स्वतः आधीचा बासवादक जेरी जेमॉटचं ऋण सांगितलं आहे, रिदम अँड ब्लूजच्या साथीत जाकोचा हात तयार झाला. त्याच्या दाबलेल्या, अर्धवट स्वरांची मुळं तिथे आहेत. आधी ते ऐका.

सदरचा_स्लॅप
म्हणजे जाकोमुळेच पोरं जेमॉटपर्यंत पोहोचतात ना, दादा! उलट्या दिशेने कोण येतं? जेमॉटचं नाव आधी कोणाला माहीत असतं?

स्लॅप पहिल्या दिवसापासून दहा मिनिटं, यावर मी ठाम आहे. तुमची चार स्वरांची पंधरा मिनिटं त्याच्या आधी, हे मान्य.

आणि 14 एप्रिलला भीमगीतांच्या कार्यक्रमात किंवा गणपतीत पहिल्यांदा उभे राहणाऱ्यांसाठी: बऱ्याच ऑर्केस्ट्रात बास कीबोर्डवाल्याचा डावा हात वाजवत असतो. तालमीतच त्याला तो हात सोडायला सांगा, नाहीतर दोन बास एकमेकांवर चढून चिखल होतो. डग्गा घुमतो तिथे तुमचा स्वर लांबवू नका, बोट उचलून जागा द्या. गिटारच्या छोट्या ॲम्पमध्ये बास लावू नका, आवाज वाढवला की कोन फाटतो. डीआय बॉक्समधून (बासचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) सरळ मिक्सरला द्या, आणि साउंडवाल्याला 40 हर्ट्झच्या खालचं कापायला सांगा.