मदत हवी आहे: बीकॉम दुसरं वर्ष, रेझ्युमेत लिहायला काहीच नाही (नागपूर)

प्रश्न
दादा-ताईंनो, मार्गदर्शन करा. कॅम्पससाठी रेझ्युमे मागितलाय. दहावी, बारावी, टॅली आणि 'वाचनाची आवड', एवढ्यात संपतो. मिहान-बुटीबोरीच्या औद्योगिक भागात अकाउंट्सची नोकरी हवी आहे. आठवड्याला पाच-सहा तास निघतात. एनसीसी, एनएसएस की गॅदरिंगची कमिटी? सर्टिफिकेटं किती लागतात?

ऑरेंज_सिटी
एनसीसीचा विचार सोड. त्यातल्या सर्वात वरच्या सी सर्टिफिकेटला तीन वर्षं लागतात, तुझ्याकडे दोनच आहेत. एनएसएस मात्र बसते: वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि त्या काळात एक सात दिवसांचं निवासी शिबिर. तुझ्या पाच-सहा तासांत आरामात होतं. कार्यक्रम अधिकाऱ्यांना याच आठवड्यात भेट, जागा ठरावीक असतात.

गाडी अडते ती तासांच्या नोंदीत. मुलं वर्षभर झाडू मारतात आणि डायरी मार्चमध्ये एका बैठकीत भरतात. तारखा हजेरीपटाशी जुळत नाहीत, सही अडकते. मधेच अधिकारी बदलले तर विचारूच नको. त्यामुळे तारीख, ठिकाण, काम, तास ही ओळ त्याच दिवशी लिहायची आणि सही महिन्याच्या महिन्याला घ्यायची.

रोजमेळ
अकाउंट्सच करायचं असेल तर गॅदरिंगमध्ये खजिनदार हो. स्टेजवर मिरवायला शंभर जण असतात, पावत्या सांभाळायला कोणी नसतं बाप्पा.

पहिल्या दिवसापासून एक एक्सेल शीट: तारीख, व्हाउचर नंबर, कोणाला दिले, कशासाठी, रोख की यूपीआय, बिल पक्कं की कच्चं, शिल्लक. बिलावर व्हाउचर नंबर टाकून लगेच फोटो काढ, थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत फिकी पडू शकतात. मंडपवाला, साउंडवाला कच्च्या चिठ्ठीवर ॲडव्हान्स मागतात. तिथे घेणाऱ्याची सही आणि मोबाइल नंबर घेतल्याशिवाय पैसे सोडू नको. कॉलेजचे पैसे स्वतःच्या यूपीआयवर तर अजिबात घेऊ नको, पॉकेटमनी आणि वर्गणी एकदा मिसळली की मेळ बसत नाही. रोख रोज संध्याकाळी मोजायची, दोघांच्या सहीने. मुलाखतीत हीच शीट दाखवता येते.

प्रश्नकर्ती
आणि रक्तदान शिबिर, निर्माल्य संकलन वगैरे? ते लिहायचं का?

ऑरेंज_सिटी
लिही, पण 'सक्रिय सहभाग' हे शब्द खोडून. ते वाचून समोरच्याला काहीच कळत नाही. रेझ्युमे इंग्रजीत असेल, पण साचा असा (आकडे नमुन्यादाखल): 'रक्तदान शिबिर: ८४ जणांची नोंदणी सांभाळली, ६१ जणांचं रक्त घेतलं गेलं, उरलेल्या २३ जणांची कारणवार यादी केली.' काम, आकडा, हाती काय आलं.

आकडा लिहिला की त्यावर प्रश्न येणारच. २३ जण परत का गेले? वजन ४५ किलोच्या खाली, हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली, आधीच्या रक्तदानाला पुरुषांचे ९० किंवा स्त्रियांचे १२० दिवस झाले नाहीत, ही नेहमीची कारणं. नोंदणीच्या टेबलावर खरंच बसलेल्याला हे तोंडपाठ असतं. फुगवून लिहिलेलं इथेच उघडं पडतं.

रोजमेळ
सर्टिफिकेटांची संख्या कोणी मोजत नाही. एका दिवसाच्या वेबिनारची दहा असली तरी फाइलमध्येच राहू दे. रेझ्युमेत दोन कामं पुरेत, एक एनएसएस आणि एक हिशेबाचं. प्रत्येकाखाली दोन-तीन ओळी.

एक पान, एकच कॉलम, पीडीएफ. दोन कॉलमची रंगीत टेम्प्लेटं दिसतात छान, पण अर्ज वाचणारं सॉफ्टवेअर कधी कधी ओळी एकमेकांत मिसळतं. तपासायचं असेल तर पीडीएफमधला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाक. तिथे क्रम बिघडला तर टेम्प्लेट बदल. आणि ती 'वाचनाची आवड' काढ, नाहीतर शेवटचं कोणतं पुस्तक वाचलंस ते सांगायची तयारी ठेव.