नळाला जड आणि खारं पाणी: घरासाठी सॉफ्टनर बसवावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचं घर पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात (जिथे जमिनीखालचं पाणी खारं असतं), अकोला जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. नळाला धरणाचं पाणी येतं तेव्हा काही तक्रार नसते. पण उन्हाळा लागला की त्यात बोअरचं पाणी मिसळून येतं, आणि यंदा तर पावसाळा सरला तरी तेच चालू आहे. मचूळ पाणी आमच्या भागाला नवीन नाही. जुन्या लोकांनी जन्मभर तेच प्यायलंय. आता मात्र प्रत्येक घरात गिझर, वॉशिंग मशीन, सोलर आलेत आणि हे पाणी त्यांना टिकू देत नाही.

सगळ्यात मोठा त्रास स्वयंपाकघरात. कुकरच्या कितीही शिट्ट्या करा, तुरीची डाळ वरणात एकजीव होत नाही, दाणा वेगळा आणि पाणी वेगळं. खायचा सोडा टाकला की शिजते, पण सोड्याने डाळीतलं बी-१ जीवनसत्त्व जातं, म्हणून रोज टाकवत नाही. चहावर तवंग धरतो. अंगाच्या साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला चिकट साका तेवढा राहतो. सुती कपडे वाळले की पापडासारखे कडक होतात. गिझरची कॉइल गेली तेव्हा मेकॅनिकने ती काढून दाखवली, तर तिच्यावर पांढऱ्या क्षाराचा जाड थर होता. शॉवरची भोकं तर सुईने मोकळी करावी लागतात.

पाणी तपासून घेतलं. एकूण काठिण्य (म्हणजे जडपणा) लिटरला ६४० मिलिग्रॅम, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) १८५०. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) काठिण्य २०० पर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. टीडीएससाठी हेच आकडे ५०० आणि २००० आहेत. म्हणजे खारेपणात आम्ही कसेबसे आत आहोत आणि काठिण्यात बाहेर.

आता खरा प्रश्न. विक्रेता म्हणतो, टाकीच्या खाली अख्ख्या घराला सॉफ्टनर लावा, सगळं मिटेल. मी वाचलं त्याप्रमाणे सॉफ्टनरमधलं रेझिन (राळेचे बारीक मणी) जडपणा आणणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि त्याबदली पाण्यात सोडियम सोडतं. हिशेब केला तर १०० मिलिग्रॅम काठिण्यामागे साधारण ४६ मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे आमच्या पाण्यात लिटरमागे २९० च्या वर. पाणी आधीच खारं, त्यात ही भर. आईला रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलंय. शिवाय रेझिन अधूनमधून मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं, ते निघालेलं पाणी टाकायचं कुठे? परसात लिंबू आणि कढीपत्ता आहे, जमीन काळी, आधीच चोपण (क्षाराने घट्ट झालेली).

खारपाणपट्ट्यात कुणी सॉफ्टनर वापरतंय का? की दुसरा मार्ग आहे? ज्यांच्या घरी दोन-चार वर्षं चाललाय त्यांनी आवर्जून सांगा.

प्रतिसाद १
आमच्याकडे नळावर लोहचुंबकाची पट्टी लावून दिली होती. काही फरक पडला नाही, कॅल्शियम पाण्यातच राहतं. तुरटीच्या नादालाही लागू नका. तिने गढूळपणा बसतो, काठिण्य नाही.

प्रतिसाद २
तुमची शंका रास्त आहे. सॉफ्टनर पाणी मऊ करतो, गोडं करत नाही. टीडीएस मीटर लावून पाहिलात तर आधी आणि नंतर आकडा जवळपास तोच दिसेल. त्यामुळे अख्ख्या घराला लावू नका. फक्त गिझर आणि वॉशिंग मशीनच्या लाईनवर छोटा बसवा. मीठ कमी लागेल, धुतलेलं पाणीही कमी निघेल. ते गटारात सोडा, झाडांच्या मुळाशी अजिबात नको. सोडियमने काळी माती आणखी घट्ट होते.

पिण्याला आणि डाळीला आरओ. पण इतक्या काठिण्याला आरओचा मेम्ब्रेन (पाणी गाळणारा पडदा) लवकर चोंदतो, तो खर्च धरून चला. आरओचं बाद पाणी फरशीला वापरा, कुंड्यांना नको.

मात्र माझं मत विचाराल तर आधी छताकडे बघा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. तुमच्याकडे वर्षाला ७५० मिलिमीटरच्या आसपास पडतो. ९० चौरस मीटर गच्ची असेल आणि पाचवा हिस्सा वाया गेला तरी ५४,००० लिटर पाणी हाती येतं. पहिल्या पावसाचं सोडून द्या, पुढचं झाकलेल्या टाकीत साठवा. माणसाला पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला १० लिटर धरले तरी चार माणसांचं वर्षाचं १४,६०० लिटर होतं. पावसाच्या पाण्यात काठिण्य जवळजवळ नसतंच, डाळ सोड्याशिवाय शिजेल. पिण्याआधी गाळून उकळा.

नळाच्या तोट्यांना सायट्रिक ॲसिडचं कोमट पाणी लावा. बाथरूम धुवायचं ॲसिड वापरलंत तर मुलामा जातो, आणि ते ब्लीचिंग पावडरजवळ नेऊच नका, विषारी वायू निघतो. तुमच्या अहवालात अल्कलिनिटी (मुख्यतः बायकार्बोनेटचं प्रमाण) किती आहे?

धागाकर्ता
मनापासून आभार. अल्कलिनिटी ४१० लिहिली आहे.

प्रतिसाद २
म्हणजे ६४० पैकी ४१० तात्पुरतं काठिण्य, तेच उकळल्यावर खाली बसतं. तुमच्या कॉइलवरचा थर त्याचाच. उरलेलं २३० उकळून जात नाही. गिझर ५० अंशांच्या आसपास ठेवा, थर बराच सावकाश धरेल.

धागाकर्ता
गिझर आजच खाली आणतो. गच्चीला उतार एकाच बाजूला आहे, त्यामुळे एका पाइपात पाणी उतरवता येईल. अंगणात ८-१० हजार लिटरची टाकी बसेल एवढी जागा आहे, पण वर्षाला १४,६०० लागणार असतील तर ती उन्हाळ्यात कमी पडेल. आमच्या मातीत जमिनीखाली सिमेंटची टाकी बांधली तर काळ्या मातीच्या फुगण्याने तडे जातात असं गवंडी म्हणतो. काळ्या जमिनीत कुणी बांधली असेल तर पाया कसा घेतला ते कृपया कळवा.